बिनइस्तवाच्या भट्टीपर्यंत

भंडारा काही दूर नाई. आंधळगावाहून मोहाडी, मोहाडीहून भंडारा. सकारी निघालं त माणूस जेवाच्या येळेले पोचते. गावातले लोक रोज जातात, रोज येतात, दवाखान्यात जातात, कोरटात जातात, कोणी त्याचं सांगत बसत नाई. पण मी जिथं जाऊन आली तिथं आमच्या मोहल्ल्यातली एक बी बाई गेली नाई. आल्यापासून जे ते इचारून राहिले, "बाई, कसं असते वो ते? खरंच इस्तो नसते? आगच नाई?" म्हणून एक डाव सगळं सांगून टाकते, जसं झालं तसं.

माहं नाव द्वारका. आम्ही कोष्टी. माहे मालक जिते होते तवा घरी माग चालत होता, आता माग उभाच हाय. मी कोशाचं सूत काढते. ऐनाच्या झाडावर किडा आपलं घर करते, तो कोसा. ढिवर लोक जंगलातून आणतात. आम्ही तो सोड्याच्या पाण्यात उकळतो अन् मंग मांडी उघडी करून तिच्यावर हाताच्या तळव्यानं धागा वळतो. माही डावी मांडी पाह्यली त नदीतल्या गोट्यावानी झाली हाय, गुळगुळीत.

त्याच सोड्याच्या उकळत्या पाण्यानं माही लेक कुंदा गेली. चुलीवरून गुंडी उतरवतानी पलटली. तिची पोरगी प्रणाली तवा अंगणात खेळून राहिली होती. जावयानं मंग दुसरं लगन केलं, नागपूरले गेला. पोरगी माह्याजवळ राह्यली. जास्त सांगून कोणी वापस येत नाई, म्हणून एवढंच सांगते.

प्रणाली शिकली. भंडाऱ्याच्या पुढं, नदीच्या पल्याड एक कालेज हाय, तिथं ती आता मोठी परीक्षा करून राहिली. एक डाव घरी आली अन् म्हणे, "आजी, तू फेकते ना तो तुटका धागा, ते फुटके कोसे, ते मले देत जा. मी त्याचा कोळसा करते."

मी म्हणलं, "कोळसा त माह्या चुलीत बी होते."

"तसा नाई वो आजी. इतका बारीक का डोळ्याले दिसत नाई. तो मशीनीत होते. इस्तो नाई, धूर नाई. मायक्रोवेव्ह म्हणतात."

मी हाव म्हणलं. पण त्याच दिवशी भेव पोटात शिरलं. माह्या मायच्या घरी कोसा, माह्या सासरी कोसा, अन् कोसा तापवताना काय होते ते मले कोणी शिकवाचं नाई. जो इस्तो दिसते त्याच्यापासून माणूस पदर तरी सावरते. जो दिसतच नाई त्याच्यापासून काय सावरन?

गाठोडं बांधतानी

आता एक गोष्ट सांगते, तिच्यावाचून पुढचं समजणार नाई. आमच्या घरची रीत हाय. कोशाचं काही बी घराबाहेर निघालं, सूत असो का कचरा, त काढणाऱ्या बाईनं त्यात जरीच्या तारेचा बोटभर तुकडा वळून टाकाचा. माह्या सासूनं मले शिकवलं, तिले तिच्या सासूनं. मांडीवर कोशाच्या धाग्यासंगं तार अशी वळाची का दिसली नाई पायजे. कोसा तांबूस, जुन्या जरीची तार बी आतून तांब्याचीच, मिळून जाते. अन् कोणाले सांगाचं नाई. जो नेते त्याले त मुळीच नाई. सांगतलं त मोडते. तार संगं असली का नेणारा धडधाकट वापस येते.

ज्या दिवशी कुंदा गेली त्या दिवशीचे कोसे घरातल्या घरात होते. घरातल्याले कोणी तार घालत नाई. तवापासून मी मालकाच्या येळची जुन्या जरीची एक कांडी डब्यात जपून ठेवली होती, अन् प्रणालीच्या एका बी गाठोड्यात तार घालाची चुकली नाई.

दिवाळीले पोरगी आली त भिवईवर पट्टी. मी इचारलं त म्हणे, "काच उडली जराशी. काही नाई." मंग फोन आला, पुन्हा ठिणग्या उडाल्या. कधी उडतात, कधी उडत नाई, काहून ते कोणालेच समजत नाई. मंग अजून एक फोन: "आजी, एक गाठोडं लवकर पाठव. कालेजातल्या मॅडम म्हणतात, या डाव पुन्हा तसंच झालं त कोशाचं काम बंद. दुसरं काही तरी पाहाव लागन. माही एवढी मेहनत पाण्यात जाईन."

तिले मेहनतीचं भेव. मले तिच्या डोळ्याचं भेव.

मी म्हणलं, कोणाच्या हाती पाठवत नाई, मीच घेऊन येते. अन् मनात धरलं का गाठोडं द्यायचं अन् पोरगीले वापस घेऊन यायचं. गाठोडं बांधतानी त्यात एक तार नाई घातली. जागोजागी घातल्या. कांडी संपत आली तोवर वळत राह्यली.

मोहाडीच्या पुढं

धान निघून गेले होते. बांध्याबांध्यानं तनसाचे ढीग, अन् मधात लाखोरीचं पीक फुलून राहिलं होतं, निळं निळं. एस्टीत बसली. कंडक्टर म्हणे, "माय, गाठोडं वर ठेव."

"नाई ठेवत."

"काहून? सोनं हाय का त्यात?"

"कोसा हाय."

"मंग सोन्यावानीच झालं. ठेव मांडीवर."

मोहाडीले एक ढिवरीण चढली, झिंग्याची टोपली घेऊन, वरून ओला फडका. माह्या बाजूलेच बसली. पवनीकडची होती, लेकीच्या घरी आली होती. तिचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. म्हणे, "नवीन वसाहतीत राहतो आता. घर सिमेंटचं हाय, पण नदी पायरीशी होती ती आता दूर गेली बाई. धरण आमच्याच पाण्याचं, अन् आम्ही नळाची वाट पाहतो." मंग मले म्हणे, "तू कुठी चालली?"

"नातीजवळ. ती मशीनीत कोसा भाजते."

"भाजून खातात का काय?"

"नाई. कोळसा करते."

"अवं बाप्पा! एवढी शिकली अन् कोळसाच करून राहिली?" सगळी एस्टी हासली. मी बी हासली. मंग तिनं इचारलं कोणती मशीन, मी सांगतलं, अन् तिचं हासणं थांबलं. माह्याकडं सरकून म्हणे, "माहा भाचा नागपूरच्या हाटेलात हाय. त्याच्यापाशी तो डब्बा हाय. तो सांगे, त्यात सबंध अंडं ठेवलं का बॉम्बवानी फुटते. वरून पाह्यलं त थंडगार, अन् आतून वाफ. सांभाळ बाई पोरगीले."

पुढचा सगळा रस्ता माह्या डोळ्यापुढं ते अंडं होतं. वरून थंडगार.

वरठीच्या कारखान्याची चिमणी दिसली. तिच्यातून धूर निघून राहिला होता. दुसऱ्या येळेले मी नाक दाबलं असतं. त्या दिवशी ती मले बरी वाटली. धूर निघते तो इस्तो मले समजते.

उतरायच्या येळेले पाह्यलं त तिच्या मांडीवरच्या टोपलीतलं पाणी गळून गाठोडं एका बाजूनं ओलं झालेलं. ढिवरीण म्हणे, "होऊ दे, वाळन." वाळलं, पण वास राह्यला. जिथं जाईन तिथं झिंग्याचा वास माह्या पुढं पोचे.

भंडाऱ्याच्या स्टँडावर प्रणाली उभी होती. मी आधी तिची भिवई पाह्यली, मंग तिचं तोंड पाह्यलं. पट्टी निघाली होती, पण तिथं केस उगवले नव्हते, जरासंक रिकामं राह्यलं होतं. तेवढ्यात बाजूनं जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस गेली, माणसं डब्बे घेऊन बसलेले. तिथं बारूद होते म्हणतात. मी पाहत राह्यली. म्हणलं, त्यांच्या बायका रोज दारात उभं राहून वाट पाहात असतीन, त सवय होते का हो त्याची? का नाईच होत?

प्रणालीची खोली

खोली लहान, गॅस, एक खाट, पुस्तकं. मी संगं लाखोरीची कोवळी भाजी आणली होती, ती केली, भात केला. पोरगी बोटं चाटून जेवली. म्हणे, "आजी, इथं भाजीत गोडच टाकतात, मेसवाले." मले बरं वाटलं. मंग मी सांगतलं, "मी तुले न्याले आली."

ती थांबली. "कुठी?"

"घरी."

"अन् घरी येऊन काय करू? मांडीवर सूत वळू?"

"मी वळलं नाई का?"

"आजी, तुह्या मांडीले रात्री तेल कोण लावे? मीच ना?"

मी ताटं उचलली. भांडे घासतानी ती पाठ करून उभी होती. पाठ अगदी कुंदावानी. मंग हात पुसत आली अन् म्हणे, "उद्या माह्यासंगं चल. आपल्या डोळ्यानं पाह्य. मंग म्हणजो का घरी चल. मी येईन."

"खरं?"

"खरं. तुही आण."

नदीच्या पल्याड

सकारी ऑटोनं निघालो. वैनगंगेच्या पुलावर मी खाली पाह्यलं अन् मले कसंसंच झालं. आमच्या काळात उन्हाळ्यात इथं रेतीतून पायी जात लोक, रेतीत डांगरा-टरबुजाच्या वाड्या राहत. आता गोसीखुर्दचं पाणी इथपर्यंत भरून उभं हाय. हालत नाई, वाहत नाई. प्रणाली म्हणे, "काय पाहून राहिली?" मी म्हणलं, "काही नाई." पाणी उभं दिसलं का मले गुंडी आठवते, हे तिले काय सांगाचं.

कालेजात तिच्या खोलीत शिरलो त नाकात दवाखान्यावानी वास. काचेचे भांडे, नळ्या, कुठी घूं घूं आवाज. तिथले तुळशीरामभाऊ, सामानसुमान पाहणारे, त्यांनी मले पांढरा डगला घातला, डोळ्याले मोठा चष्मा लावला. म्हणे, "आता तुमी डॉक्टरीण दिसून राहिल्या आजी. माहा गुडघा पाहा बरं जरा."

"सोड्याच्या पाण्यात बुडव," मी म्हणलं.

मॅडम आल्या. प्रणालीच्या मोठ्या मास्तरीण. वय काही जास्त नाई, पण डोळे थकलेले. गाठोडं हातात घेतलं, वास घेतला, अन् प्रणालीकडं पाह्यलं. प्रणाली म्हणे, "कोसा असाच..." मी म्हणलं, "नाई वो, झिंगे हायत. एस्टीतले." मॅडम हासल्या. मंग हासणं गेलं. म्हणे, "आजी, तुम्हाला वाईट वाटू देऊ नका. पण मुलीच्या डोळ्याला काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं? आज शेवटचं पाहू."

मले त्या बाईचं बरं वाटलं. तिले बी भेव होतं.

प्रणालीनं माहं गाठोडं सोडलं. कोसा धुतला, वाळवाच्या गरम कपाटात ठेवला. मंग कातरीनं बारीक बारीक कापाले लागली. मी बाजूले स्टुलावर बसली होती. कातर चाले तशी माही नजर तिच्या बोटात. मले माहीत होतं का कुठी ना कुठी तार कापली जाऊन राहिली. तिले दिसली नाई. मी घट्ट वळली होती. मनात म्हणलं, बरं झालं, तुकडे झाले त सगळ्यात पोचन. तोंड मिटून ठेवलं.

कापलेला कोसा तिनं पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत टाकला, वरून चिमटीभर काळी भुकटी. म्हणे, "आजी, हा कोळसाच हाय. कोसा एकटा त्या मशीनीत लवकर तापत नाई. कोळशाले ते लवकर धरते, मंग कोशाले तापवते. बाहेरून नाई, आतूनच."

आतूनच. मले अंडं आठवलं.

मशीन म्हणाल त एक पांढरा डब्बा, समोर काच, काचेत जाळी. श्रीमंताच्या घरी राहते तसाच, फक्त वरून नळी गेलेली, वाफ बाहेर जावाले. वाटी आत ठेवली, दार लावलं, बटन दाबलं. आत दिवा लागला. घूं झालं. इस्तो नाई. धूर नाई. वाटी आपली बसली होती.

तुळशीरामभाऊ माह्याजवळ येऊन उभे राह्यले. माह्या हाताकडं पाहून म्हणे, "आजी, ते बांगड्या घेऊन जवळ जाऊ नका बरं. तशा बाहेर काही होत नाई. पण आत धातू चालत नाई. लोखंड नाई, तांबं नाई. माह्या सुनबाईनं घरच्या डब्यात चमच विसरला होता कटोरीत. अशी इजली चमकली आतमध्ये! नशीब, दार बंद होतं."

मी म्हणलं, "तांबं?"

"तांबं, पितळ, चांदी, काही बी. एवढीशी तार असली तरी."

लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली. माही नाई सरकली. माहे पायच तिथं नव्हते. मले काही समजतच नव्हतं का बोलू का नोको बोलू. सांगतलं त मोडते. इतकी वर्षं सांगतलं नाई म्हणून पोरगी जिती हाय, असंच मी धरून होती. अन् हा माणूस म्हणते एवढीशी तार. बोलली त तिच्यावरची राखण जाते. नाई बोलली त राखणच तिले जाळते.

प्रणाली काचेजवळ वाकली, आत पाहाले.

"बंद कर!" मी बोंबलली. "बंद करा वो! आत तार हाय! जरीची! मी घातली!"

ते शब्द माह्या तोंडातून निघाले अन् डब्ब्यात निळी पांढरी इजली कडाडली. एक, मंग दुसरी, तड तड तड, लाह्या फुटतात तशी. मी स्टुलावरून उठली कशी ते मले आठवत नाई. पोरगीची वेणी हातात आली. तीच ओढली. दोघी बी खाली पडलो. मॅडमनं बटन बंद केलं. आत वाटी तडकली त्याचा आवाज आला. मंग काही नाई. घूं बी नाई.

प्रणाली माह्या अंगावर पडली होती. मी तिचं तोंड चाचपलं. डोळे, भिवई, गाल. "आजी, माही वेणी सोड," ती म्हणे. मी सोडत नव्हती.

दार लवकर उघडलं नाई. थांबलो. मंग मॅडमनं सांडशीनं वाटीचे तुकडे बाहेर काढले. काळ्या राखेत लालसर थेंब होते, मोहरीएवढे, चमकणारे. तुळशीरामभाऊंनी एक बोटावर घेतला. म्हणे, "तांबंच हाय."

"माह्या घरचं हाय," मी म्हणलं.

मंग सगळं सांगाव लागलं. रीत काय, सासू काय, काहून सांगाचं नसते. कुंदाचं सांगतलं. मॅडम समोर खाली फरशीवरच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. प्रणाली मात्र लाल झाली. "आजी, एवढ्या महिन्याचं काम! मी कोशाची चूक पाहून राहिली, मशीनीची पाहून राहिली, माही पाहून राहिली. कधी होते, कधी नाई. एक शब्द सांगतलं असतं त!"

"सांगाचं नसते."

"काहून?"

"तू वापस याव म्हणून."

ती भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली. मंग आली अन् माह्या डगल्यातच डोळे पुसले.

जेवण कोणी केलं नाई. दुपारभर आम्ही चौघं टेबलाभोवती बसून उरलेला कोसा येचत होतो. मॅडम बी, तुळशीरामभाऊ बी. तार दिसतच नव्हती, एवढी चांगली वळली होती मी. तुळशीरामभाऊ म्हणे, "आजी, तुमी चोर असत्या त पोलिसाले सापडल्या नसत्या." मी म्हणलं, "सापडली ना आता." मी एकेक धागा मांडीवर घेऊन पाह्यला. लुगडं वर सरकवलं त मॅडमनं तुळशीरामभाऊले बाहेर पाठवलं. मांडीले तार समजते. कोसा ऊबदार लागते, तार थंड लागते.

मंग दुसरी वाटी. दुसरी भुकटी. दार लावलं. त्या येळचं भेव मी सांगू नाई शकत. पहिल्या डाव भेव होतं तरी त्यात तार होती, मले काही तरी आधार होता. आता त्यात काहीच नव्हतं. नुसता कोसा अन् माही पोरगी. मी तिच्या वेणीचा शेंडा हातात धरून उभी राह्यली. ती म्हणे, "धर, ओढू नोको फक्त."

घूं. वाटी बसलेली. मंग वाटीच्या मधात लाल झालं, राखेखालच्या इंगळावानी. एखादी चिमुकली ठिणगी उडे अन् विझे. मॅडम म्हणे, "हे कोळशाचं आहे, एवढं चालतं." मंग टिंग वाजलं अन् मी पुन्हा ओरडली. ती बंद व्हायची घंटी होती. या डाव सगळे हासले.

थंड झाल्यावर प्रणालीनं ती राख पाण्यात घोळली, गाळली, गरगर फिरवाच्या मशीनीत फिरवली. हाती आलं ते चहाच्या पाण्यावानी पिवळट. मी म्हणलं, "एवढ्यासाठी?" तिनं खिडक्या बंद केल्या अन् एक जांभळा दिवा नळीमागं धरला.

नळी निळी झाली. आतून निळी. लाखोरीच्या बांधीवर सकारचं उन्ह पडते ना, तशी. माह्या मांडीवरचा कचरा होता तो. फेकाचा.

"हे कायले लागते?" मी इचारलं.

"तुही बाटली दे." माह्याजवळ आमच्या हापशीचं पाणी होतं, घरून भरून आणलेलं, लोखंडाचा वास येते तेच. तिनं त्याचे थेंब त्या निळ्यात टाकले, टाकत राह्यली. निळं मंद होत गेलं. विझलं नाई, पण मंद झालं. "पाण्यात काय मिसळलं हाय ते हा उजेड सांगते, आजी. अजून बहुत काम हाय. पण सांगते."

मॅडम म्हणे, "कोशाचं काम सुरू राहील." प्रणालीनं माह्याकडं पाह्यलं. तिनं माही आण घेतली होती. मी म्हणाचं होतं, घरी चल, अन् ती आली असती.

मी म्हणलं, "भूक लागली मले."

वापस

वापसीची एस्टी रिकामी होती. पोरगीनं स्टँडावर मले मोसंबी घेऊन दिली, वाकून पाया पडली, अन् तिच्या भिवईवरची रिकामी जागा मले पुन्हा दिसली. वरठीची चिमणी आली, गेली. मोहाडी आली. मले वाटत होतं का घरी पोचली का भेव उतरन. उतरलं नाई. उलट आता ते माह्यासंगं घरात राहाले आलं, पाहुण्यावानी नाई, घरच्यावानी.

मोहल्ल्यातल्या बाया म्हणतात, "मंग द्वारकाबाई, कोशात तार घालाची का नाई?" मी म्हणते, बाहेर जाणाऱ्या सुताले घाला, लुगड्याले घाला, लगनाच्या शालूले घाला. प्रणालीच्या गाठोड्याले नाई.

आता दर डाव गाठोडं बांधाच्या आधी मी दारात उन्हात बसते. डोळे साथ देत नाई. लुगडं वर घेते अन् एकेक धागा, एकेक फुटका कोसा मांडीवर फिरवते, कुठी थंड लागते का ते पाहाले. सगळं ऊबदार लागते. मंग फडक्याची गाठ मारते. मारतानी हात थांबते. डब्यात कांडीवर थोडीशी तार अजून हाय. मी डब्याकडं पाहत नाई. गाठ मारते, एस्टीच्या कंडक्टरजवळ देते, अन् घरी येऊन फोन जवळ ठेवते.

पोचल्यावर ती फोन करते. "आजी, झालं. काही नाई उडलं." मी म्हणते, "बरं." तिले वाटत असन, आजी निर्धास्त झाली. होऊ दे तसं. पोरगीले त्या मशीनीसमोर उभं राहाचं हाय, तिच्या पाठीवर माहं भेव कायले.